क्रोमवरची पावडर का सुटते? वाचकांचे प्रश्न, कार्यशाळेची उत्तरं

प्रश्न : सायकलच्या क्रोम केलेल्या हँडलला 240 नंबरच्या पेपरने घासलं, थिनरने पुसलं आणि काळी पावडर (भट्टीत भाजून बसवतात तो भुकटीचा रंग) मारून घेतली. सुरुवातीला झकास दिसत होती. ब्रेकचा क्लॅम्प आवळला तशी कडेने सुटली, आणि नखाने ओढल्यावर लांबच लांब पट्टी निघून आली. खाली क्रोम चकचकीत. पावडर हलकी होती की भट्टीत कमी भाजली गेली?

उत्तर : दोन्ही नाही. पट्टी सलग निघाली, याचा अर्थ पावडर नीट वितळली, नीट पिकली. कच्ची राहिली असती तर तिचे ठिसूळ तुकडे पडले असते. दोष आहे तो तिच्या खालच्या पृष्ठभागात.

शोभेचा क्रोम म्हणजे क्रोमचा जाड थर, असा समज सर्रास असतो. प्रत्यक्षात क्रोम असतो जेमतेम 0.2 ते 0.5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याच्याखाली साधारण 10 ते 30 मायक्रॉन निकेल, आणि पुष्कळदा निकेलच्या खाली तांबं. चमक दिसते ती निकेलची; क्रोम फक्त तिला काळवंडू देत नाही. हा पातळ थर भयंकर कठीण असतो, विकर्स या कठीणपणाच्या मापावर 800 ते 1000 च्या घरात. हाताने फिरवलेला 240 चा पेपर त्यावर बारीक ओरखडे उठवतो, बाकी घसरतो. शिवाय क्रोमवर हवेतच ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा तयार होतो. घासून काढलात तरी तो लगेच पुन्हा धरतो. क्रोम गंजत नाही तो या पापुद्र्यामुळे, आणि पावडरला धरून ठेवत नाही तोही याच्याचमुळे.

पावडरचा थर 60 ते 80 मायक्रॉनचा. भट्टीतून निघून थंड होताना तो आकसतो आणि कडांवर ओढ घेतो. ही ओढ सहन करायला त्याला दोन आधार लागतात : खरबरीत पृष्ठभागात रुतलेली पकड आणि खालच्या धातूवरचा फॉस्फेटसारखा रासायनिक थर. क्रोमवर यातलं एकही नाही. मग क्लॅम्पने कड चेपली, तिथून पाणी शिरलं, की काम तमाम.

हँडलवरची सगळी पावडर उतरवा, क्रोम काढा आणि मगच पुन्हा मारा. क्लॅम्प बसतो तेवढी जागा मास्किंग टेपने मोकळी ठेवा. जाड पावडरवर आवळलेला क्लॅम्प काही दिवसांनी ढिला पडतो, आणि ब्रेकच्या बाबतीत ते परवडणारं नाही.

प्रश्न : काम हाती घेण्याआधी वस्तू पावडरच्या भट्टीत टिकेल की नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत बहुधा लोखंड-पोलाद. मात्र निकेलही चुंबकाला थोडं ओढतं, त्यामुळे पुसट ओढ लागली तर फसू नका. नाही चिकटलं तर पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताचं डाय-कास्ट (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून केलेला भाग), स्टेनलेस किंवा चक्क प्लॅस्टिक. मागच्या बाजूला किंवा आट्यांच्या आत, जिथे मुलामा पातळ असतो तिथे, कानशीने एक छोटी रेघ मारा. पिवळी दिसली तर पितळ. करडी-निळसर, वस्तू आकाराच्या मानाने जड, आणि साच्याची जोडरेघ किंवा भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे दिसत असतील तर जस्त.

प्लॅस्टिकवर क्रोम केलेले मोनोग्राम, जाळ्या, बटणं असतात ती बहुतेक एबीएस या प्लॅस्टिकची. 100 अंशांच्या आसपासच ती मऊ पडतात, भट्टीत त्यांचा गोळा होईल. ती सरळ परत करा.

आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते : डाख दिलेले सांधे. कथील-शिशाचा डाख 183 अंशांना वितळायला लागतो, आणि पावडर पिकते 180 ते 200 ला. जुने दिवे, नळाचे भाग, शोभेच्या वस्तू भट्टीतून बाहेर येतात तेव्हा दोन तुकडे हातात येतात. पितळी झाळकाम मात्र या तापमानाला हलत नाही.

प्रश्न : क्रोम काढायला आम्ल बरं की ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून घासणं)? आमच्याकडे काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग कॅबिनेट आहे. त्यातून काढलेला भाग छान मॅट होतो, तरी पावडर सुटते.

उत्तर : शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. काचेचे मणी कापत नाहीत, ठोकतात. त्यांनी क्रोमची चमक मरते, पण क्रोम जागेवरच राहतो. चमक गेली म्हणजे क्रोम गेला, ही या धंद्यातली सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे.

ब्लास्टिंगनेच काढायचा असेल तर धारदार कण हवेत. पोलादी भागाला 60 ते 80 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांचा नंबर; तो मोठा तितके कण बारीक) ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि 5 ते 6 बार दाब. नोझल काटकोनात न धरता 45 ते 60 अंशांत तिरकं धरा, अंतर 15 ते 20 सेंटिमीटर. क्रोम झटकन निघतो. वेळ खातं ते निकेल. मऊ आणि चिवट असल्यामुळे ते कापलं जाण्याऐवजी चेपत राहतं. पितळ आणि जस्ताला 100 ते 120 ग्रिट आणि 2 ते 3 बार, त्याहून जास्त नको. पातळ पत्र्यावर एकाच जागी नोझल रोखून धरलं तर पत्रा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. पृष्ठभागाचा खरबरीतपणा 25 ते 50 मायक्रॉन पुरे. त्याहून खोल गेलात तर 70 मायक्रॉनच्या पावडरमधून शेंड्यांवर जेमतेम आवरण उरतं आणि गंज ठिपक्याठिपक्याने तिथूनच सुरू होतो. नदीची किंवा बांधकामाची वाळू वापरू नका. तिच्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होतात. निकेलची धूळही वाईटच, तेव्हा कॅबिनेटचं डस्ट कलेक्टर बंद असेल तर काम बंद.

आम्लाचं काम वेगळं. हायड्रोक्लोरिक आम्ल पातळ क्रोम काही मिनिटांत विरघळवतं आणि निकेलला तेवढ्या वेळात फारसं काही करत नाही. बाजारातलं 30-33 टक्क्यांचं आम्ल आणि पाणी समसमान घ्या. आधी पाणी, मग त्यात हळूहळू आम्ल. उलट कधीच नाही. पॉलिप्रॉपिलीनची बादली, उघडी हवा, चेहऱ्यावर फेस-शील्ड, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. वस्तू आधी डिग्रीझरने धुवा, कारण तेलाचा डाग असेल तिथे आम्ल पोचत नाही आणि क्रोमची बेटं उरतात. प्लॅस्टिकच्या दोरीने वस्तू आत सोडा. क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम बारीक बुडबुडे सुटतात आणि द्रव हिरवट व्हायला लागतो. बुडबुडे सुरूच झाले नाहीत तर बुडालेल्या वस्तूला आतल्या आत जस्ताचा तुकडा टेकवा. ऑक्साइडचा पापुद्रा तुटतो आणि क्रिया चालू होते.

थांबायचं कधी, हे रंगावरून कळतं. क्रोमची झाक निळसर, निकेलची किंचित पिवळट. निळसर ठिपका कुठेही उरला नाही आणि बुडबुडे मंदावले की लगेच बाहेर काढा. रात्रभर बुडवून ठेवायचं काम हे नाही. जिथे मुलामा आधीच उडालेला असतो तिथे आम्ल थेट पोलाद खातं आणि खड्डे पडतात. बाहेर आल्यावर भरपूर पाणी, मग 5 टक्के धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवणं, परत दोनदा पाणी, आणि ताबडतोब गरम हवेने वाळवणं. आम्लाची बादली यंत्रांपासून लांब ठेवा. तिच्या नुसत्या वाफेने लेथचा बेड एका रात्रीत तांबूस होतो.

जस्ताचं डाय-कास्ट या आम्लात घालायचं नाही. मुलाम्याच्या प्रत्येक छिद्रातून आम्ल आत शिरतं आणि खालचं जस्त क्रोमच्या आधी संपतं. पोकळ नळीही शक्यतो नको. आत अडकलेलं आम्ल धुतलं जात नाही आणि भट्टीत तापल्यावर नेमकं वेल्डच्या फटीतून बाहेर येतं.

तेव्हा आमचा कल असा : साध्या पोलादी भागाला आधी आम्लाने क्रोम, मग ब्लास्टिंगने निकेल खरबरीत करणं. पोकळ, जस्ताच्या आणि पितळी भागांना नुसतं ब्लास्टिंग.

प्रश्न : क्रोम गेला, निकेल राहिलं. तेही काढलंच पाहिजे का?

उत्तर : नेहमी नाही. निकेल खालच्या धातूला घट्ट असेल तर ते खरबरीत करून त्यावर पावडर मारता येते. घट्ट आहे की नाही, हे ब्लास्टिंगच सांगतं. सैल निकेल कडांशी पापुद्र्यासारखं उचकटतं, फोडांची टोपणं उडतात. असं एका जागी जरी झालं तरी आजूबाजूचं, घट्ट धातू लागेपर्यंत, सगळं काढा. उरलेल्या निकेलची कड 120 आणि मग 180 च्या पेपरने उतरती करा. ही पायरी बोटाला जाणवत असेल तर पावडरच्या वर नक्की दिसेल, चकचकीत काळ्या रंगात तर दुरून दिसेल.

निकेल ठेवताना एक अडचण मात्र लक्षात घ्या. लोह फॉस्फेट असो की जस्त फॉस्फेट, नेहमीच्या फॉस्फेटच्या टाकीत थर तयार होतो तो आम्लाने खालचा धातू थोडा विरघळतो म्हणून. निकेल तिथे विरघळत नाही. टाकीतून काढलेल्या भागावर पोलाद उघडं असेल तिथे करडा थर दिसेल, निकेल जसंच्या तसं. म्हणजे रासायनिक आधार नाही, सगळी भिस्त खरबरीतपणावर. अशा वेळी आधी इपॉक्सी प्रायमर पावडर मारा, ती अर्धवट पिकवा आणि त्यावर वरचा रंग द्या. किती वेळ अर्धवट पिकवायची, ते पावडरच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. प्रायमर पूर्ण पिकवून वर रंग दिला की दोन थरांमध्येच फट पडते.

कुठे निकेल उरलंय आणि कुठे पोलाद उघडं पडलंय, हे डोळ्याला कळत नसेल तर मोरचुदाचं पाण्यातलं द्रावण कापसाने लावा. उघड्या पोलादावर काही सेकंदांत तांबूस तांबं चढतं, निकेलवर निळा थेंब तसाच राहतो. परीक्षा झाली की ते तांबं पेपरने घासून काढायला विसरू नका.

प्रश्न : बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून घरच्या घरी विजेने क्रोम उतरवता येतो, असं ऐकलं. करावं का?

उत्तर : नाही. उतरतो हे खरं. मुलामा देणाऱ्या कारखान्यात कॉस्टिक सोड्यात वस्तू धन टोकाला जोडून क्रोम असाच काढतात. पण या पद्धतीत क्रोम द्रवात जातो तो षटसंयुजी रूपात, म्हणजे क्रोमेट होऊन. द्रव पिवळा पडतो, बुडबुड्यांबरोबर त्याचे बारीक तुषार हवेत उडतात, आणि ते श्वासातून गेले तर कर्करोगाला कारण ठरतात. कारखान्यात त्यासाठी हवा ओढून घेणारी यंत्रणा आणि सांडपाण्याची वेगळी प्रक्रिया असते. बादली आणि चार्जरवाल्याकडे यातलं काहीच नसतं. साधा गंज काढायच्या सोड्याच्या टाकीतही धन टोकाला क्रोमची किंवा स्टेनलेसची वस्तू लावू नका, तिथेही हाच प्रकार घडतो.

प्रश्न : वापरलेलं हिरवं आम्ल चुना टाकून शांत केलं तर गटारात सोडता येईल?

उत्तर : आम्लपणा गेला म्हणजे धातू गेले असं होत नाही. त्यात क्रोम, निकेल आणि लोह विरघळलेलं असतं. चुन्याने पीएच 9 च्या थोडा वर नेला की बराचसा भाग गाळ होऊन तळाशी बसतो, पण तो गाळही घातक कचराच आहे. थोडं आम्ल असेल तर हवा जायला वाव असलेल्या झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये भरा, वर नाव लिहा आणि सांडपाणी प्रक्रिया असलेल्या मुलाम्याच्या कारखान्याकडे किंवा घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. ब्लीचिंगच्या पाण्याशी त्याची गाठ पडू देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : क्रोम पूर्ण काढला, ब्लास्टिंग केलं, तरी भट्टीतून आलेल्या भागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आणि काही ठिकाणी फोड. कारण काय?

उत्तर : छिद्रं आणि फोड, दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात, म्हणून आधी एक फोड ब्लेडने उघडा. आत धातूची चकचकीत टोपी दिसली तर सैल निकेल राहून गेलं होतं. गरम होताना निकेल आणि खालचा धातू वेगवेगळे प्रसरण पावतात आणि मधली हवा टोपी वर ढकलते. इलाज एकच : परत ब्लास्टिंग.

आत उघडा धातू असेल आणि छिद्रं विखुरलेली असतील तर धातूतूनच वायू निघतोय. डाय-कास्ट आणि ओतीव भागांत पोकळ्या असतात, आणि त्यांत तेल, ओलावा, धुण्याचं पाणी बसून राहतं. पावडर मारण्याआधी रिकामा भाग पावडरच्या तापमानापेक्षा 10 ते 20 अंश जास्त तापवा. भागाचा धातू तिथे पोचल्यापासून 30 मिनिटं मोजा. भट्टीची हवा तापली म्हणून घड्याळ लावू नका, जाड भागाला तिथे पोचायला बराच वेळ लागतो. वर तेलाचे तपकिरी डाग उमटले तर ते पुसून परत एकदा तापवा. जस्ताच्या भागाचं तापमान 200 च्या वर नेऊ नका, आणि शक्य असेल तर त्याला कमी तापमानाला पिकणारी पावडर घ्या.

तिसरं कारण कॉम्प्रेसरमध्ये असतं. पांढऱ्या कागदावर मिनिटभर हवा मारा. कागदावर डाग पडला तर तुम्ही ब्लास्टिंगबरोबरच तेल-पाणीही मारत होतात. आणि ब्लास्ट केलेला भाग उघड्या हाताने धरू नका; बोटांचे ठसे पावडरखालून उमटतात. तो चार तासांच्या आत पावडरखाली गेला पाहिजे, हवा दमट असेल तर त्याआधीच.

प्रश्न : मोटारसायकलच्या शॉकॲब्सॉर्बरच्या क्रोम स्प्रिंगा काळ्या करून हव्या आहेत. आम्लात घातल्या तर चालेल?

उत्तर : स्प्रिंगा आम्लात घालू नका. आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि काही दिवसांनी स्प्रिंग भार असताना अचानक तुटते. 10.9 आणि 12.9 ग्रेडच्या, म्हणजे जादा ताकदीच्या, बोल्टांचंही तेच. कारखान्यात आम्लानंतर शक्यतो चार तासांच्या आत असे भाग 190 ते 220 अंशांवर, ताकदीनुसार 8 ते 24 तास तापवून हायड्रोजन घालवतात. पावडर पिकवायची 15-20 मिनिटं त्याला पुरत नाहीत. स्प्रिंगा ब्लास्टिंगनेच करा. मुलाम्याखाली स्प्रिंग खड्ड्यांनी गंजली असेल तर ती रंगवायच्या भानगडीत न पडता बदला. खड्डा हीच तडा जायची जागा असते.

प्रश्न : पुढच्या फोर्कच्या नळ्या आणि सायलेन्सरही त्याच रंगात करायचे आहेत.

उत्तर : फोर्कच्या नळ्या नाही. त्यांवर हार्ड क्रोम असतो, 20 मायक्रॉन आणि वर, थेट पोलादावर, आणि तो शोभेसाठी नाही तर तेलसील घासत राहावं म्हणून. तो काढला की सील गळणार. सायलेन्सरला नेहमीची पावडर टिकत नाही, इंजिनाजवळच्या भागात ती जळून पिवळी-तपकिरी होते. तिथे उच्च तापमानाचा सिलिकोन रंग किंवा सिरॅमिक कोटिंग लागतं.

प्रश्न : ग्राहकाला पारदर्शक लाल रंगाखाली क्रोमचीच चमक हवी आहे. क्रोम काढला तर चमक जाते, ठेवला तर रंग सुटतो. मधला मार्ग?

उत्तर : क्रोम काढून, पूर्ण तयारी करून, आधी चंदेरी आरसा-पावडरचा थर आणि त्यावर पारदर्शक लाल. खऱ्या क्रोमइतकी खोली येत नाही, हे ग्राहकाला नमुना दाखवून आधीच सांगा. थेट क्रोमवर मारायचा आग्रहच असेल तर भिंतीवर टांगायच्या वस्तूला चालेल. हात, दगड, पाणी लागणाऱ्या वस्तूला नाही. हमी अर्थातच देऊ नका.

प्रश्न : माल देण्याआधी पकड तपासायची सोपी रीत सांगा.

उत्तर : दिलेल्या मालावर नको, त्याच्याबरोबर त्याच तयारीतून काढलेल्या तुकड्यावर करा. तुकडाही क्रोम केलेलाच हवा. साध्या पत्र्याचा तुकडा नेहमीच पास होतो आणि काहीच सांगत नाही.

धारदार ब्लेडने धातूपर्यंत जाणाऱ्या सहा समांतर रेघा मारा आणि त्यांना काटकोनात आणखी सहा. आयएसओ 2409 या पकड तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पावडरची जाडी 60 मायक्रॉनपर्यंत असेल तर रेघांमधलं अंतर 1 मिलिमीटर, 60 ते 120 पर्यंत 2 मिलिमीटर. ब्रशने भुगा झटका, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. एकही चौकोन निघता कामा नये. छेदांच्या कोपऱ्यांवर बारीक कपच्या उडाल्या तर ती धोक्याची पहिली सूचना.

खरा निकाल उकळत्या पाण्यात लागतो. दुसरा तुकडा डिस्टिल्ड पाण्यात दोन तास उकळा, पुसून कोरडा करा आणि त्यावर वरच्यासारख्याच रेघा मारा. कोरड्या परीक्षेत शाबूत राहिलेली, पण क्रोम किंवा तेलकट निकेलवर बसलेली पावडर इथे चौकोनाचौकोनाने पट्टीबरोबर येते. फोड येऊनही चौकोन निघाले नाहीत तर पकड ठीक आहे, पण आत ओलावा किंवा क्षार अडकलेत. मग ब्लास्टिंगकडे नाही, शेवटच्या धुण्याच्या पाण्याकडे पाहा.